देवरहाटीतली बाळंतीण

आमच्या घरात सकाळी पहिलं कोण ओरडेल ते सांगता येत नाही. कधी पडवीतलं घुबड, कधी न्हाणीघरात ठेवलेला पंख मोडलेला खंड्या, आणि बहुतेक वेळा मी. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. त्यातली सोळा वर्षं मी जनावरांच्या खोक्यांमधून वाट काढत चुलीपर्यंत पोचते आहे. पाहुणे विचारतात, "बाई, हे सगळं तुम्हाला आवडतं का?" मी म्हणते, "मला कोणी विचारलंय का?"

नवरा माझा भिकाजी गमरे. वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाला. मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना नावाने हाक मारणारी माणसं फार नाहीत. लहानथोर सगळे वायरमनच म्हणतात, मीसुद्धा. मी अंगणवाडीची बाई, म्हणून मला सगळे बाई म्हणतात. बौद्धवाडीत शेवटचं घर आमचं.

हे वेड कुठून लागलं ते सांगते. सोळा वर्षांपूर्वी डीपीवरचं काम उरकून त्यांनी लाईन चालू करायला सांगितली, आणि वर तारेजवळ वानरीण बसली होती ती त्यांनी पाहिली नाही. ती खाली पडली तेव्हा पोटाला पिल्लू चिकटलेलं, जिवंत. ते त्यांनी शर्टात घालून घरी आणलं. मी बाटलीने दूध पाजलं, छातीशी घेऊन निजले. अकरा दिवस जगलं बिचारं. बाराव्या दिवशी परसात खड्डा काढून आले आणि मला म्हणाले, "लाईन चालू करायच्या आधी वर बघायचं असतं. एवढंच असतं गो." त्यानंतर तालुक्यात कुठेही काही जखमी सापडलं की ते आमच्या दारात येतं. वनखात्याचं पत्र आहे, सगळं रीतसर आहे. पण दहा आली तर चार जगतात. उरलेली सहा परसात आहेत, आणि त्या प्रत्येकासाठी हा माणूस दोन दिवस जेवत नाही. मग मी ओरडते.

गेल्या वर्षी एप्रिलच्या दोन तारखेला आमच्या बीटचा वनरक्षक संदेश गोणपाटात गुंडाळून एक मोठा पक्षी घेऊन आला. घरात आधीच दोन घुबडं आणि एक कासव होतं. मी म्हटलं, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." संदेश हसला नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट आहे.

धनेश होता तो. आमच्याकडे ककणेर म्हणतात. काळापांढरा, चोच वीतभर, चोचीवर पिवळं शिंग. घाटातल्या वळणावर तारेवर आपटून पडला होता. उजवा पंख खांद्यातून लोंबत होता. वायरमनांनी त्याचा डोळा बघितला, लाल. "नर हाय," म्हणाले. पाणी घालायला म्हणून त्यांनी चोच जराशी उघडली, तर त्याने गळ्यातून वडाचं एक फळ काढून गोणपाटावर टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. अशी चौदा लाल फळं, अख्खी, एकेक करून काढून ठेवली आणि मान टाकली.

वायरमन त्या फळांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"हा स्वतः खायला नव्हता चाललेला," ते म्हणाले. "ढोलीत मादी बसलीय याची."

मला तोवर ठाऊक नव्हतं, त्यांनी सांगितलं. धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी चीर तेवढी ठेवते. आत तिची पिसं गळतात, उडता येत नाही. अडीच-तीन महिने नर आणील तेच खायचं. नर आला नाही की आतली सगळी मेली.

"किती दिवस तग धरील?" मी विचारलं.

"तीन. फार तर चार."

मंडणगडहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी पंख बांधला आणि जाताना मान हलवली. वायरमन आणि संदेश मादीची ढोली शोधायला बाहेर पडले ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. ढोली सापडली होती. झोलाईच्या देवरहाटीत, सगळ्यात जुन्या बेहड्यावर, पस्तीस फुटांवर. संदेश आत जाऊन बघून आला: खाली विष्ठा पडलेली, फळांच्या बियांचा सडा. पण वरून आवाज काही नाही.

"मग चढा की," मी म्हटलं. "उभा जन्म खांबावर गेला तुमचा."

ते चपला काढून पडवीत बसले. मग मला कळलं.

देवरहाटी म्हणजे देवीचं रान. तिथलं वाळकं पानसुद्धा कोणी उचलून आणत नाही. झाडावर चढायचं तर आधी देवीचा कौल घ्यावा लागतो. आणि आम्ही कोण? पूर्वी आमच्या लोकांनी त्या रानाभोवतीच्या जांभ्या दगडाच्या गडग्याआत पाऊल टाकायचं नाही असा रिवाज होता. आता कोणी अडवत नाही. कोणी बोलवतही नाही. माझ्या सासऱ्यांनी, धाकू गमऱ्यांनी, सत्तावन साली दीक्षा घेतली, घरातले देव खाडीत सोडले आणि पुन्हा कुठल्या देवापुढे हात जोडणार नाही असं वचन दिलं. जाताना मुलाकडूनही तेच वचन घेतलं. आता त्याच मुलाने झोलाईपुढे जाऊन परवानगी मागायची होती.

"जीव जातोय तिकडं," मी म्हटलं.

"म्हाईत हाय मला!" ते एकदम ओरडले. माझ्यावर ते कधी ओरडत नाहीत. मग उठले आणि गावकर भागोजी तात्यांच्या घराकडे चालू लागले. मी मागोमाग. घरी बसून काळजी करण्यापेक्षा समोर उभं राहून केलेली बरी.

भागोजी तात्या सत्तरीचे. गावाचे मानकरी, त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वायरमन म्हणाले, "वनखात्याचं पत्र हाय माझ्याकडं." तात्या म्हणाले, "पत्र खात्याचं. झाड आईचं. सकाळी ये, कौल लावू."

म्हणजे आणखी एक रात्र गेली.

सकाळी गडग्याजवळ दहा-पंधरा माणसं जमली होती. कोयते कमरेला, तोंडं गंभीर. आम्ही दोघं गडग्याबाहेर उभी राहिलो. आत धोंडू गुरव देवीच्या पाषाणाला पाणी घालत होता. त्याने दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं आणि मोठ्याने विचारलं, "आई, तुझ्या झाडावर माणूस चढवू काय?"

सगळे श्वास धरून बघत होते. मी तर इतकी टक लावली की डोळ्यांत पाणी आलं. डावी पाकळी सुटली आणि खाली पडली.

वायरमन माझ्याशेजारी ताठ झाले. त्यांच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. आता हा माणूस देवीबद्दल काहीतरी बोलणार, आणि एकदा तो शब्द तोंडातून गेला की गाव आणि वाडी यांच्यात पुढची वीस वर्षं पाणी पेटणार. मी त्यांचा दंड धरला आणि ते बोलायच्या आत मीच ओरडले.

"तात्या, तुम्ही चुकीचं विचारलंत!"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. पण तोंड थांबेना. तोंडाने मला कधी दगा दिलेला नाही.

"तुम्ही माणसाचं विचारलंत. आत बसलीय तिचं विचारा. आत बाळंतीण आहे! दार लिंपून बसलीय, नवरा आणील ते खाते, आणि नवरा मोडून पडलाय आमच्या पडवीत. आईच्या दारात बाळंतीण उपाशी मरतेय. तिला घास घालायचा की नाही, ते विचारा तुमच्या आईला!"

भागोजी तात्या माझ्याकडे बघत राहिले. धोंडू गुरव मात्र थांबला नाही. भोळा माणूस, त्याचे डोळे भरून आले होते. त्याने नव्या पाकळ्या लावल्या आणि स्वतःच विचारलं, "आई, तुझ्या दारातल्या बाळंतिणीला घास घालू काय?" उजवी पाकळी त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत पडली.

लोकांनी श्वास सोडला. पण अजून संपलं नव्हतं. तात्यांनी नारळ पुढे केला. "भिकाजी, आत ये. नारळ ठेव, हात जोड आणि चढ."

"नाय तात्या," वायरमन म्हणाले. आवाज शांत होता. "चपला काढतो. झाडाला खिळा मारणार नाय, लोखंड लावणार नाय, फांदी तोडणार नाय. पण हात जोडणार नाय. बापाला वचन दिलंय मी."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हे. मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. मागून कोणीतरी म्हणालं, "मग राहू दे त्याला." तात्यांनी हात वर करून त्या माणसाला गप्प केलं. मग स्वतः वाकले, गुडघा धरत धरत, आणि नारळ देवीपुढे ठेवला.

"नारळ माझा," ते म्हणाले. "बाळंतीण माझ्या गावची. तू चढ."

वायरमनांनी चपला काढल्या आणि गडग्याच्या आत पाय टाकला. त्यांच्या घराण्यात तो पहिलाच.

पाय ठेवायला फांद्यांचे खुंट राखलेले दोन लांब बांबू एकाला एक बांधून झाडाला टेकवले होते. त्यावरून ते चढले, कमरेचा पट्टा खोडाभोवती घालून. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, रात्री मी तेल चोळते. पस्तीस फुटांवर पोचल्यावर त्यांनी ढोलीला कान लावला. खालून मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी खाली बघून हाताने खूण केली. जिवंत आहे.

पण ती खाईना. काठीच्या फटीत वडाचं फळ अडकवून चिरेशी धरलं की ती आतून चोच मारायची आणि फळ खाली पडायचं. पहिल्या दिवशी वीस फळं पाडली तिने. दुसऱ्या दिवशी चोच मारायचंही सोडलं. वायरमन सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास तिथे पट्ट्यावर लटकून राहायचे. हातापायांना मुंग्या येत असत, खाली उतरल्यावर उभं राहता येत नसे. पडवीत नर काही खात नव्हता, वर मादी खात नव्हती, आणि घरात हा माणूस खात नव्हता. मी तिघांनाही शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला चिरेतून चोचीचं टोक बाहेर आलं, थांबलं, आणि तिने फळ घेतलं. मग दुसरं घेतलं. अशी एकतीस घेतली. वायरमन वरून आकडा ओरडून सांगत होते आणि खाली धोंडू मोठ्याने मोजत होता. मी पदर तोंडात घालून रडले. आनंदाने हो, मुद्दाम सांगते.

घरी आलो तर पडवीत नर मरून पडला होता.

वायरमनांनी त्याला परसात पुरलं. हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशीची फळं गोळा करायला गेले. त्या दिवशी मात्र ते जेवले. म्हणाले, "आता मलाच पोचवायचं हाय सगळं."

मग गाव लागलं कामाला. वडाची संपली की उंबराची फळं, उंबर संपला की आमच्या विहारातल्या पिंपळाची. कुणब्यांच्या बायका सकाळी डबे भरून आणून गडग्यावर ठेवायच्या. ज्या बायका माझ्याकडे नुसतं हसून पुढे जायच्या, त्या आता थांबून विचारायच्या, "बाळंतीण कशी हाय?" एकोणीस एप्रिलला ढोलीतून बारीक चिवचिव ऐकू आली. दोन आवाज. धोंडूने तर गावभर गूळ वाटला.

सर्वांत जास्त जीव लावला तो धोंडूनेच. वायरमन वर असले की हा खाली उभा राहून माकडं हाकलायचा. एकदा मे महिन्यात मला म्हणाला, "बाई, बाळंतिणीचा सव्वा महिना कधी भरतो व?" मी अंगणवाडीत चाळीस बाळंतपणांच्या नोंदी ठेवलेली बाई. चिवचिव ऐकू आली त्या दिवसापासून बोटांवर मोजलं आणि मोठ्या थाटात सांगितलं, "सत्तावीस मे." कशाला विचारतोय, हे मी त्याला विचारलं नाही. गावात सव्वा महिना झाला की बाळंतिणीला खोलीतून बाहेर काढतात, न्हाऊ घालतात, देवदर्शनाला नेतात. हे मला ठाऊक नव्हतं का? पण डोक्यातच आलं नाही.

सत्तावीस मेला वायरमन ढोलीवरची सकाळची फेरी करून घुबडाचं पिल्लू घेऊन एसटीने दापोलीला गेले होते. अकरा वाजता देवरहाटीकडून आरडाओरडा ऐकू आला. मी धावत गेले. धोंडू बांबूवर अर्ध्यात चढून उभा होता, हातात आंबे उतरवायची लांब घळ. ढोलीच्या तोंडाचं लिंपण त्याने फोडलं होतं. वीतभर भोक पडलं होतं. आत मादी चोच उघडून इकडून तिकडे डोकं आपटत होती. पंख अर्धेच फुटलेले.

"ये गो माझ्ये आये, ये भायेर!" धोंडू तिला बोलवत होता. "सव्वा महिना भरला तुझा! नवरा नाय तर कोण उघडणार तुझं दार?"

"खाली उतर!" मी किंचाळले. "मेल्या, खाली उतर आधी!"

तो उतरला. मग मला पाचोळ्यात पिल्लू दिसलं. लिंपणाच्या ढेकळाबरोबर पडलं होतं. अंगावर पिसांचे नुसते कोंब. मी ओंजळीत घेतलं. दोनदा पोट हललं आणि थांबलं.

"मी कौल लावला होता, बाई," धोंडू म्हणाला. "पहाटे लावला. सव्वा महिना झाला, बाळंतीण बाहेर काढू काय म्हणून विचारलं. आईनं उजवा दिला व. उजवा दिला!"

बाळंतीण हा शब्द माझा. तारीख माझी. देवीला विचारायला मीच शिकवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तोवर आरडाओरडा ऐकून तात्या आणि संदेश आले, आणि कावळेही जमले. एक अगदी ढोलीच्या काठावर बसला. वायरमनांची एसटी साडेचारची. संदेशने त्यांना फोन लावला, पण लागेना. मग साडेपाच तास आम्ही ते रान राखलं. भागोजी तात्या हातात काठी घेऊन उभे राहिले, संदेश बांबूवर चढून बसला, मी टाळ्या वाजवून वाजवून हात लाल केले. मादी आत शिरे, पुन्हा भोकाशी येई, पुन्हा शिरे. एकदा तिने अर्धं अंग बाहेर काढलं. आली असती तर सरळ खाली पडली असती. माझ्या तोंडून "आत जा गो बाई, आत जा" एवढंच निघत होतं.

पावणेपाचला वायरमन आले. त्यांनी माझ्या ओच्यातलं पिल्लू बघितलं, वरचं भोक बघितलं, धोंडूकडे बघितलं.

"तारीख मी सांगितली," मी म्हटलं. "सव्वा महिन्याची."

ते माझ्याकडे बघून झाडाकडे वळले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पट्टा बांधून वर गेले. ढोलीत बघितलं आणि तिथूनच म्हणाले, "दुसरं हाय. जिवंत हाय." मग थोड्या वेळाने, "ती लिंपायला बघतेय परत. पण माती नाय तिच्याकडं. माती नर आणून देतो."

धोंडू हे ऐकताच पळत सुटला. ओहोळाच्या काठची चिकण माती पदरभर, म्हणजे आपल्या धोतराच्या सोग्यात भरून आणली आणि तिथेच गुडघ्यावर बसून मळायला लागला. रडत होता आणि मळत होता. मी उंबरं चुरडून त्यात घातली. वायरमनांनी सांगितलं तशा बोराएवढ्या गोळ्या केल्या, दोरीला डबा बांधून वर पाठवल्या.

पहिली गोळी काठीच्या टोकावर तिच्यासमोर धरली. तिने फेकून दिली. दुसरीही फेकली. उजेड कमी होत चालला होता, आणि अंधार पडला की उदमांजर चढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिसरी गोळी तिने चोचीत घेतली. तशीच धरून बसली. मग मान वाकडी करून भोकाच्या कडेला दाबली आणि चोचीच्या बाजूने थापायला लागली. थप, थप, थप. खाली आम्हाला ऐकू येत होतं.

दिवस मावळेपर्यंत तिने साठ गोळ्या लावल्या. भोक चार बोटांवर आलं. वायरमन खाली उतरले तेव्हा त्यांना धरून बसवावं लागलं. धोंडू त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा होता, मातीने कोपरापर्यंत भरलेला.

"उद्या सहाला ये," वायरमन त्याला म्हणाले. "माती अजून मऊ मळून आण."

घरी आल्यावर मी ताट वाढलं आणि समोर बसून राहिले. ते म्हणाले, "खांबावर माणूस चढला की आम्ही खाली पाटी लावतो. काम चालू आहे, लाईन चालू करू नये. इथं मी पाटीच लावली नाय. दार आतून तीच उघडते, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. तुलापण नाय." मग जेवायला लागले. मी काही जेवले नाही.

अठरा जूनला सकाळी तिने आपलं दार आपण फोडलं. पाऊस लागून आठवडा झाला होता, त्या सकाळी उघाडी होती. आम्ही सगळे गडग्याबाहेर दबून बसलो होतो. ती बाहेर आली, फांदीवर बसून पंख झाडले आणि सरळ पलीकडच्या वडावर गेली. उडाली हो, चांगली उडाली! मग पिल्लू आलं. आईएवढंच मोठं, शिंग तेवढं अजून फुटलेलं नव्हतं. आईने पलीकडून साद घातली. पिल्लाने उडी मारली, धडपडलं, सावरलं, आणि आईकडे जायचं सोडून खाली आलं. गडग्यावर उतरलं, वायरमनांपासून चार हातांवर. उड्या मारत जवळ आलं आणि चोच उघडली.

जन्मल्यापासून त्याने चिरेतून हाच चेहरा बघितला होता.

"अगो बाई, ओळखलंन!" धोंडू म्हणाला. सगळ्यांची तोंडं फुलली. कोणीतरी फोन काढला, कोणीतरी उंबर पुढे केलं. मीसुद्धा हसत होते. फक्त वायरमन हसत नव्हते.

"देऊ नका," ते म्हणाले. "आज माझ्याकडं आलं, उद्या कुणाच्याही अंगणात उतरेल. कुणी बेचकी मारील, कुणी पिंजऱ्यात घालील. आठ दिवस नाय जगायचं."

त्यांनी खाली वाकून दगड उचलला.

पस्तीस वर्षांत ह्या माणसाने कुत्र्यावरसुद्धा दगड उगारलेला मी पाहिला नाही. पहिला दगड पिल्लाच्या पायाशी जांभ्यावर आपटला. ते दचकून मागे सरलं, आणि पुन्हा पुढे येऊन चोच उघडली. "जा!" वायरमन ओरडले. "जा म्हणतो ना! कोण लागतोस माझा तू?" धोंडू त्यांना अडवायला पुढे झाला, पण तात्यांनी त्याचा हात धरला. दुसरा दगड गेला. पिल्लू ओरडलं, पंख फडफडवत वर उठलं आणि वाकडंतिकडं उडत वडावर आईजवळ जाऊन बसलं. आईने त्याला चोचीने ढकलत आतल्या फांदीवर नेलं. मग दोघं दिसेनाशी झाली.

वायरमनांच्या हातात तिसरा दगड होता. हात तसाच वर. मी जवळ गेले आणि तो खाली घेतला. मूठ उघडेना, एकेक बोट सोडवावं लागलं.

"लागला काय गो त्याला?" त्यांनी विचारलं.

दुसरा दगड त्याच्या पंखाला लागलेला मी पाहिला होता.

"नाय लागला," मी म्हटलं.